मी जाळलेला रस्ता

एखादी वस्तू तुमच्या घरात आहे, तुमच्या टीव्हीला जोडलेली आहे, एवढ्यानं तिच्यातलं सगळं तुमचं होतं का? उत्तराची घाई करू नका. मी घाई केली होती.

वस्तू म्हणजे गेमचा एक जुना कन्सोल. मामेभाऊ पुण्याला कंपनीत लागला, त्यानं नवा घेतला आणि जुना वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी पाठवून दिला. सोबत दोन रिमोट, एक मेमरी कार्ड आणि गाड्यांच्या शर्यतीचा एकच खेळ. मी तेव्हा नववीत होते. गावातली पोरं यायची, दोन शर्यती खेळायची आणि बॅट घेऊन निघून जायची. टिकलो आम्ही दोघीच, मी आणि माझ्या वर्गातली मैत्रीण. ती नाल्यापलीकडच्या तांड्यावर राहायची. पावसाळाभर शाळेत असायची आणि दिवाळी झाली की आईबापासोबत ऊसतोडीला जायची. गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायची तेव्हा आमचे निम्मे धडे तिच्यामागे होऊन गेलेले असायचे.

त्या खेळात इंटरनेटवरून खेळायची सोय होती. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त स्लॅबवर यायची. बाबांचा फोन प्लास्टिकच्या डब्यात घालून कठड्यावर ठेवायचा, हॉटस्पॉट लावायचा आणि पळत खाली येऊन कन्सोल जोडायचा. शर्यत आम्ही एकही जिंकलो नाही. आमची गाडी जागच्या जागी अडखळायची, बाकीचे पोचून घरी गेलेले असायचे. "आपली अजून शिरपूरच्या स्टँडवरच उभी हाये," मैत्रीण म्हणायची. "पॅसेंजर भरून राह्यली."

पण त्याच सोयीत आणखी एक गोष्ट होती. आपला स्वतःचा रस्ता बांधायचा आणि तो वर चढवायचा. मग जगातला कोणीही तो उतरवून घेऊन त्यावर गाडी चालवू शकायचा. बांधायला घाई नव्हती, रेंज लागत नव्हती. त्यात तिचा हात बसला.

खेळात बांधकामाला मिळायचं काय, तर बर्फाचे डोंगर, समुद्राचे किनारे, परदेशी दिव्यांचे खांब.

"यात बाभूळ कुठी हाये व?"

"नाही."

"मंग थे काटेवालं लाव."

अशी निवडुंगाची बाभूळ झाली. बर्फाच्या डोंगराला खाकी रंग देऊन तिनं माळ केला. तिनं बांधला तो तांड्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता. तो तिच्या पायांना पाठ होता. मी रिमोट धरून सरळ रेषा ओढायला लागले की ती हातावर चापट मारायची. "इथं चढ हाये. सायकलवरून उतरा लागते. तू कधी आली का इकून?" मी आले नव्हते. शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती.

दोन पावसाळे तिनं तो रस्ता बांधला. मधली ऊसतोड वजा. पहिला केला तो चुकला म्हणून मोडून टाकला आणि दुसरा मांडला. त्याला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं, तांडा दोन, आणि तो मेमरी कार्डावर साठवला. नाल्यापाशी आल्यावर मी म्हटलं, इथं पूल टाकू, खेळात पुलाचे सात प्रकार आहेत. ती म्हणाली, "पूल हाये का तिथं? नाही ना? मंग कायले टाकू?"

रस्ता वर चढवला आणि लोक यायला लागले. चाळीसेक जणांनी तो उतरवून घेतला. त्यांच्या नावांपुढे झेंडे असायचे, आम्ही नकाशाच्या पुस्तकात शोधून देश ओळखायचो. सात-आठ नावांपुढे आपलाही झेंडा होता. एक दिवस एका परक्या देशातल्या माणसानं रस्त्याखाली इंग्रजीत शेरा लिहिला. मी मराठी करून सांगितलं: रस्ता चांगला आहे, पण मध्ये पूल नाही, गाडी दर वेळी पाण्यात पडते, कृपया दुरुस्त करा.

ती हसून हसून भिंतीला टेकली. "त्याले म्हना, ग्रामपंचायतीत अर्ज दे. दोन प्रती."

हे ऐकून आतल्या खोलीत बाबाही हसले. त्या पुलासाठी त्यांनी किती पत्रकं काढली असतील, त्यांनाच माहीत. बाबा शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात धान्याच्या कोठीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे, गुलाबी, पिवळे, हिरवे, सुतळीनं बांधलेले. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. पाढ्यांच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. सहावीत असताना मी त्यांची मुद्रितं तपासायचे आणि दहावीपर्यंत स्वतः मजकूर लिहायला लागले होते.

सरकारी परिपत्रकाची होळी करायला बाबा तहसीलसमोर जायचे तेव्हा मलाही नेत. होळीचा त्यांचा एक नियम होता. जाळायचं ते आपलं असावं आणि कामाचं असावं. दुसऱ्याचं जाळलं तर ती गुंडगिरी, निकामी जाळलं तर तो तमाशा. हा नियम मी पाठ केला होता. समजला होता असं मला वाटायचं.

अकरावीच्या हिवाळ्यात, मैत्रीण ऊसतोडीला गेलेली असताना, एक दिवस खेळ सुरू करताच पडद्यावर पाटी आली. अमुक तारखेपासून या खेळाची ऑनलाइन सेवा बंद करण्यात येत आहे. खेळल्याबद्दल धन्यवाद. खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'. 'ठीक नाही' असं बटण नव्हतं.

माझं डोकं फिरलं, आणि ते फिरण्यात काही चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. माणसं राबून एखादी गोष्ट उभी करतात, दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवर ठेवतात, आणि जागेचा मालक एके दिवशी कुलूप लावून धन्यवाद म्हणतो. आत तुमचं काय राहिलंय हे विचारतसुद्धा नाही. मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'विकलेला खेळ परत हिसकावण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?' मालेगावात जाऊन झेरॉक्स काढल्या. शिरपूरच्या बसस्टँडवर, शाळेसमोर, कृषी केंद्रावर वाटल्या. मराठीतलं ते पत्रक कंपनी कधीही वाचणार नव्हती. कृषी केंद्रातल्या एका काकांनी ते उलटसुलट बघून विचारलं, "बेटा, हे कोनत्या फवारनीचं हाये?"

शेवटी शाळेच्या मैदानावर होळी जाहीर केली. दुपारी चारची वेळ. दहा-बारा पोट्टे जमले, त्यातले निम्मे धूर बघायला. प्रत्येकानं घरातली एक सीडी आणली होती, बहुतेक जुन्या सिनेमांच्या. मी आमच्या खेळाची डिस्क आणली. ती खूप वापरून ओरखडलेली होती, चारदा पुसली तर एकदा चालायची. रॉकेल टाकून काडी लावली. सीड्या काही जळेनात, नुसत्या वाकल्या, काळा धूर आणि घशात बसणारा वास.

मी घोषणा देत होते आणि एक पोट्टा मोबाईलवर चित्रण करत होता. त्यानंच मला टोचलं.

"अव ताई, तुही सीडी त घासेल हाये. मोडकं जाळून काय दाखवून राह्यली? चालू जाळ ना काही!"

सगळे हसले. नियम आमच्याच घरचा होता आणि तो माझ्याच तोंडावर मारला गेला. मी घरी पळत गेले, कन्सोलमधून मेमरी कार्ड उपटलं आणि आणून सगळ्यांसमोर आगीत टाकलं. आपलं आणि कामाचं. टाळ्या पडल्या. कार्ड आधी फुगलं, मग तडकलं.

ते टाकताना मला तिची आठवण झाली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. झाली होती. दिवाळीनंतर निघताना ती म्हणाली होती, "कार्ड जपजो व. पोट्ट्यायले नोको देऊ." ते मला आठवलं. आणि मी मनाशी म्हटलं, रस्ता तर कंपनी तसाही घेऊन जाणार आहे, कार्ड आमच्या घरचं आहे, आणि लढ्यासाठी काहीतरी द्यावंच लागतं. लढ्यासाठी दुसऱ्याचं देणं किती सोपं असतं, हे मला कोणत्याही पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

बाबांना चित्रण दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. "कार्ड कोनाचं होतं?"

"आपलंच."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हातातलं वाचायला लागले.

पाडवा झाला आणि ती आली. उसाच्या पाचटानं दोन्ही हात चिरलेले होते. घरी सामान टाकून ती सरळ आमच्याकडे आली आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसली. मी सांगितलं, कंपनीनं बंद केलं.

"अन् आपला रस्ता?"

"तोही गेला. कंपनीनं सगळंच नेलं."

खोटं बोलायची उत्तम पद्धत मला तिथं सापडली. खरं वाक्य निम्म्यात सोडायचं. तिनं उठून माझ्या आईकडे पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आत तिचं लग्न लावून दिलं. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम नवराबायकोचा जोड मिळून एक कोयता मोजतो, एकट्या पोरीचा कोयता होत नाही. त्या लग्नाविरुद्ध मी एक ओळही लिहिली नाही. तेव्हा मी देशातल्या शिक्षणव्यवस्थेवर चार पानी पत्रक लिहीत होते.

मी शिकायला वाशीमला आले आणि इथंच राहिले. कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात अर्ज टाइप करते, लिहिते, संघटनेच्या बैठकांना जाते. मागच्या वर्षी मोबाईलवर काहीतरी वाचता वाचता त्या खेळाचं नाव दिसलं. खेळ पुन्हा सुरू झाला होता. कंपनीनं केला नव्हता. निरनिराळ्या देशांतल्या, एकमेकांना न भेटलेल्या काही खेळणाऱ्यांनी, आपापली नोकरी सांभाळून, फुकट केला होता.

कन्सोल चालू झाला की कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो. ती हाक नेमकी काय असते आणि तिला उत्तर काय यायचं, हे या लोकांनी सेवा बंद व्हायच्या आधी टिपून ठेवलं होतं. मग अनेक वर्षं बसून त्यांनी तशीच उत्तरं देणारा आपला सर्व्हर बनवला. कन्सोलच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एक आकडा बदलला की तो कंपनीचं दार सोडून यांचं दार ठोठावतो. मी ज्या आठवड्यात मैदानावर रॉकेल ओतत होते, त्याच आठवड्यात कोणीतरी शांतपणे बसून हे टिपत होतं. त्यानं घोषणा दिली नाही, चित्रण केलं नाही. त्यानं जे बंद होणार होतं ते उतरवून घेतलं. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या अनोळखी माणसाचा राग आला.

शर्यती सुरू झाल्या होत्या, पण लोकांनी बांधलेले रस्ते कंपनीच्या सर्व्हरवर होते आणि ते कंपनीनं पुसून टाकले होते. त्या लोकांनी सगळ्यांना विनंती केली होती: तुमची जुनी मेमरी कार्डं शोधा. ज्यानं रस्ता बांधला त्याच्या कार्डावर तो असतो. ज्यानं उतरवून घेतला त्याच्याही असतो. आम्हाला पाठवा, आम्ही परत चढवू.

मी त्यांच्या सूचनांचं मराठी केलं आणि व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं. सवयच तशी आहे, कुठं काही लढलं गेलं की मी त्याचं मराठी करते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. दोन-तीन वर्षांनी.

"अव, थो खेळ चालू झाला म्हन्ते! मंग आपला रस्ता बी येईन ना? कार्ड तुह्याच जवळ हाये ना?"

मी काहीतरी पुटपुटले. तिला ते ऐकू आलं नसावं.

"ऐक. तू घेऊनच ये सगळं. आमचे हे मानतच नाहीत. मी टोळीत सांगतलं का म्या रस्ता केला होता, फॉरेनचे लोक त्याच्यावर गाड्या पळवत होते. तवापासून सगळे मले इंजिनेर म्हन्तात. मोळी बांधाले उशीर झाला का 'ओ इंजिनेर बाई, नकाशा काढून राह्यल्या काय?' एकदा दाखव त्यायले. बस."

ऊसतोडीचे हंगामावर हंगाम ती ही चेष्टा ऐकत होती. ती खरं बोलत होती आणि तिचा पुरावा मी मैदानावर टाळ्या घेत जाळला होता.

मी गेले. कन्सोल पिशवीत घातला, मालेगावला बसनं आणि तिथून ऑटोनं तिच्या सासरच्या तांड्यावर. सोयाबीन काढणीला आलेलं होतं, घरी ती आणि तिचा नवरा दोघंच होते. त्यानं खाट पुढं ओढली, टीव्हीवरचा कपडा काढला.

"बसा ताई. दाखवा बरं आता, हिच्यावाला हायवे. टोल बी लागते का त्याच्यावर?"

"हसा, हसा," ती म्हणाली. "आता पाहाच तुमी."

पिशवीची चेनही मी उघडली नव्हती. म्हटलं, रस्ता नाही. कार्ड नाही. ती सांगते ते सगळं खरं आहे, मी साक्षीदार आहे, रस्ता तिनंच केला होता, चाळीस लोकांनी घेतला होता. पण कार्ड मी जाळलं.

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं. "म्हन्जे खरंच केला होता," तो म्हणाला. मग उठला, "बैलायले पानी दाखवतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

ती माझ्याकडे वळली.

"कंपनीनं नेलं म्हनत होती तू."

"कंपनीनंही..."

"कंपनीचं समजते मले. मुकादम बी अर्ध्यावर काम बंद करते. थे परके. तू काहून जाळलं?"

मी सांगायला लागले. निषेध, होळी, आपलं आणि कामाचं. माझ्या तोंडून ती वाक्यं पत्रकासारखी येत होती आणि मलाच ऐकू येत होती. तिनं मध्येच थांबवलं.

"आपलं जाळाचं होतं ना? मंग तुह्या बापाची पत्रकं जाळाची होती. कोठीजवळ गठ्ठ्यायनं पडेल होती. कागद होता, मस्त जळला असता. थे काहून नाही जाळली?"

उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, आताही आहे. त्या पत्रकांमध्ये मेहनत आहे असं मला वाटायचं. तिच्या रस्त्यात मला खेळ दिसत होता. वर्षभर मजुरांच्या घामावर लिहिणाऱ्या घरात वाढून, एका मजूर पोरीनं दोन पावसाळे केलेलं काम समोर आल्यावर मी ते ओळखलं नाही. ते प्लास्टिकचं होतं आणि आमच्या टीव्हीखाली होतं म्हणून.

मी म्हटलं, माफ कर.

"माफीचं काय करू मी? थे टीव्हीले जोडता येते का?" ती उठली, चूल पेटवायला लागली. पाठमोरीच बोलत राहिली. "चाळीस जनायनं घेतला होता ना? तूच मोजत होती. त्यायच्याजवळ असन. त्यायले सांग. तुले लिह्यता येते ना? मंग लिह्य. पत्रक काढ. जाळल्याचं बी लिह्य त्याच्यात, लपवू नोको."

चहा दिला तिनं. साखर विसरली होती की घातलीच नव्हती, मी विचारलं नाही.

परत आल्यावर मी त्या लोकांच्या मंचावर इंग्रजीत सगळं लिहिलं. दोघांची उत्तरं आली. एकाला रस्ता आठवतो, पण त्याचं कार्ड हरवलं. दुसऱ्यानं कन्सोल विकताना कार्ड पुसून दिलं. बाकीच्यांचा पत्ता नाही. मग आपल्या झेंड्याची ती सात-आठ नावं माझ्या डोक्यात आली, आणि आपल्याकडे कन्सोल कसे फिरतात तेही. पुण्याच्या भावाकडून वाशीमच्या बहिणीकडे, तिथून अकोल्याच्या गेम पार्लरमध्ये, तिथून कोणाच्या तरी माळ्यावर. कार्ड त्यातच अडकलेलं राहतं. कोणी काढत नाही, कोणी बघत नाही.

म्हणून हे मराठीत लिहिलं. तिनं सांगितलं तसं, लपवलेलं नाही.

आता तुमचं काम. तुमच्या घरी, भावाकडे, शेजाऱ्याकडे, बंद पडलेल्या पार्लरच्या मालकाकडे जुना कन्सोल असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. त्याचं मेमरी कार्ड पुसू नका आणि 'फॉरमॅट करू का' असं विचारणाऱ्या दुकानदाराला नाही म्हणा. टीव्हीला जोडा, शर्यतीचा खेळ असेल तर उतरवून घेतलेल्या रस्त्यांची यादी उघडा आणि तिच्यात जे काही असेल, ते कोणीही बांधलेलं असो, पेनड्राइव्हवर घ्या. असे बंद पाडलेले खेळ परत उभे करणाऱ्यांचे मंच इंटरनेटवर शोधले की सापडतात, तिथं पाठवा. यादीत इंग्रजी अक्षरांत तांडा दोन दिसलं, तर पाठवण्याआधी त्यावर एकदा गाडी चालवा, मोबाईलवर चित्रण करा आणि तेही सोबत जोडा. तिच्या टोळीत दाखवायला लागेल. दिवाळी झाली की टोळी निघते. त्याआधी माळ्यावर चढा.